घोड्यांचे गवत वाया जाते कोठे? मोजमाप, गव्हाण, जाळी आणि कमी फेऱ्यांचा रतीब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच मोठे घोडे आहेत, त्यांना दिवसातून तीन वेळा ठाणात जमिनीवर वाळलेले गवत टाकले जाते, सकाळी त्यातले बरेचसे लिदीत आणि मुतात कालवलेले सापडते, ते उचलण्यात माणसाचा निम्मा वेळ जातो, आणि एवढे करूनही दोन घोडे रात्री ठाणाच्या लाकडी फळ्या कुरतडतात. तेव्हा जाळ्या घ्याव्यात, गव्हाणी बांधाव्यात, की सरळ गवतच कमी टाकावे, असे आपण विचारले आहे.

यातला शेवटचा पर्याय आधीच बाजूला ठेवतो, कारण नासाडीला कंटाळलेला मालक बहुधा तिकडेच वळतो आणि मग वाचलेले गवत औषधपाण्याच्या खर्चात निघून जाते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, मग तोंडात चारा असो वा नसो. त्या आम्लाची धार बोथट करणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. एक किलो लांब काडीचे गवत खाताना घोडा तीन हजारांहून अधिक वेळा जबडा फिरवतो आणि त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात, तर तेवढ्याच वजनाची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तो हजारभर चावण्यांत, दहा मिनिटांत संपवतो. म्हणून घोड्याला गवत किती दिले याइतकेच ते किती तास पुरले यालाही महत्त्व आहे. सलग चार-सहा तासांहून अधिक काळ तो चाऱ्यावाचून उभा राहू नये, आणि वजनाच्या किमान दीड टक्का, सर्वसाधारणपणे दोन टक्के इतका कोरडा चारा रोज त्याच्या पोटात जावा. आपले दोन घोडे फळ्या कुरतडतात त्याचे कारण बहुधा हेच आहे की संध्याकाळी टाकलेले गवत मध्यरात्रीच्या आधीच खाऊन किंवा तुडवून संपलेले असते. म्हणजे आपल्याकडे एकाच वेळी गवत जास्तही पडते आहे आणि कमीही पडते आहे.

या विरोधाभासाचा उलगडा तराजूशिवाय होत नाही. म्हणून कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एक आठवडा फक्त तोलण्यात घालवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेकांना तो सल्ला निरुपयोगी वाटतो. प्रवासी सामान तोलण्याचा लटकता काटा आणि एक मोठे फडके एवढ्यावर काम भागते. बांधलेला गठ्ठा सोडल्यावर त्याचे जे थर सुटे होतात, त्यांवर बहुतेक ठिकाणी 'सकाळी दोन, संध्याकाळी तीन' असा रतीब चालतो, पण हे थर वजनाला कधीच सारखे नसतात. एकदा एकाच गंजीतून काढलेल्या गठ्ठ्यांचे थर मी शेजारी शेजारी तोलले, तेव्हा पालेदार आणि घट्ट बांधलेल्या गठ्ठ्याचा थर तीन किलोंच्या वर भरला आणि सैल, काडीदार गठ्ठ्याचा दीड किलोही भरला नाही. दिसायला दोन्ही थर सारखेच जाड होते. त्या दिवसापर्यंत आमच्याकडचा एक घोडा उगीचच सुटत चालला आहे आणि दुसरा उगीचच वाळतो आहे असे आम्ही समजत होतो.

घोड्याचे वजन काट्यावर घेता आले तर उत्तमच. नाही तर शिवणकामाची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून आणि वरच्या खांद्याच्या उंचवट्याच्या लगत मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर वजन ४५० किलो निघते. अशा घोड्याला दोन टक्क्यांच्या हिशेबाने ९ किलो कोरडा चारा लागतो. नीट वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतेच, म्हणून प्रत्यक्षात तोलून द्यायचे गवत दहा किलोंच्या आसपास जाते. पाच घोड्यांना वर्षाला सुमारे १८ टन. हा आकडा गोठ्यातल्या फळीवर खडूने लिहून ठेवावा, कारण पुढची सगळी काटकसर याच्या तुलनेत मोजायची आहे.

आता नासाडीकडे येतो. सकाळी ठाणातून निघालेले गवत एकाच ढिगात टाकून लिदीबरोबर बाहेर नेण्याची सवय असते. तो आठवडाभर तसे न करता त्याचे वेगवेगळे ढीग करावेत. हे किळसवाणे काम आहे, पण मला आजवर जी काही माहिती मिळाली ती बहुतेक या ढिगांतूनच मिळाली.

पहिल्या ढिगात कोरड्या, स्वच्छ, पण जाड काड्या असतील. घोड्याने पाला आणि पाती ओठांनी निवडून खाल्ली आणि खोड मागे टाकले, असा त्याचा अर्थ होतो. घोड्याचा वरचा ओठ बोटासारखा चालतो; तो एक एक पात वेगळी करतो आणि नकोशी काडी बाजूला सारतो. हा ढीग मोठा असेल तर दोष ना घोड्याचा ना गव्हाणीचा, दोष खरेदीचा आहे. फुलोऱ्यानंतर बऱ्याच उशिरा कापलेल्या गवतात पचायला कठीण असा तंतूंचा भाग वाढतो; प्रयोगशाळेत तपासले तर 'एनडीएफ' म्हणून जो आकडा येतो तो ६५ टक्क्यांच्या वर गेला की घोडे ते गवत नाखुशीनेच खातात. अशा वेळी स्वस्त गवत स्वस्त राहत नाही. चांगल्या गवताचा दर १०० धरला आणि त्यातले ९५ टक्के खाल्ले गेले, तर खाल्लेल्या गवताचा दर १०५ पडतो. ८० दराने घेतलेल्या काडीदार गवताचे ३० टक्के मागे उरले, तर खाल्लेल्याचा दर ११४ पडतो, शिवाय उरलेले उचलण्याची मजुरी वेगळी. मोठी खरेदी करण्यापूर्वी गंजीतल्या वेगवेगळ्या पंधरा-वीस गठ्ठ्यांच्या पोटातून नमुना काढून तपासून घेणे म्हणूनच परवडते.

दुसऱ्या ढिगात धूळकट, काळपट, कुबट वासाचे गवत असेल. ते घोड्याने नाकारले हे त्याचे शहाणपण आहे. ते दुसऱ्या कोणत्याही घोड्यापुढे टाकू नये. साठवणीत काय बिघडले ते शोधावे, त्याविषयी पुढे लिहितो.

तिसरा ढीग लहान असतो आणि बहुतेक जण तो ओळखतच नाहीत. लाळेने भिजून सिगारेच्या आकाराच्या झालेल्या, अर्धवट चावलेल्या गवताच्या वळकट्या त्यात सापडतात. असा घोडा गवत टाकून देत नाही, त्याला ते गिळता येत नाही. दाढांची धार वाढून गालाला किंवा जिभेला लागत असेल, दाढ सैल झाली असेल किंवा म्हातारपणी दाढा झिजून सपाट झाल्या असतील, तर घोडा असे गोळे टाकतो. त्याच्यापुढे जाळी टांगणे म्हणजे त्याला आणखी उपाशी ठेवणे होय. आधी पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्यावे, आणि दाढा खरोखरच उरल्या नसतील तर बारीक कापलेला चारा किंवा पाण्यात भिजवून मऊ केलेले गवताचे ठोकळे द्यावेत.

चौथ्या ढिगात चांगलेच गवत असते, पण तुडवलेले, मुतात भिजलेले, लीद लागलेले. आपल्या वर्णनावरून आपला मोठा ढीग हाच आहे, आणि सुदैवाने सर्वांत सहज आटोक्यात येणारीही हीच नासाडी आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने लहान चौकोनी गठ्ठ्यांवर केलेल्या चाचणीत बाहेरच्या आवारात जमिनीवर टाकलेल्या गवतापैकी सुमारे १३ टक्के वाया गेले, साध्या टांगत्या रॅकमध्ये ५ टक्के, टोपलीसारख्या भांड्यात ३ टक्के आणि फटींच्या बंदिस्त पेटीत अवघा १ टक्का. आपल्या १८ टनांवर १३ टक्के म्हणजे २ टनांहून अधिक गवत होते. तेवढ्यात एका घोड्याचे सात-आठ महिने निघतात. या आकड्यांतून मी एवढेच घेतो की गवत घोड्याच्या पायांखाली न येऊ देणे हा निम्म्याहून अधिक इलाज आहे, मग भांडे कोणतेही असो. महागड्या तयार गव्हाणीने आणि कडेच्या फळ्या ठोकून केलेल्या पेटीने होणारी बचत यांत फार मोठे अंतर मला तरी दिसलेले नाही.

भांडे निवडताना मात्र घोड्याच्या मानेचा विचार करावा. घोडा निसर्गतः मान खाली घालून खातो. त्या स्थितीत खालचा जबडा थोडा पुढे सरकतो, दाढा एकमेकींवर योग्य बसतात आणि नाकातला स्राव आपोआप खाली वाहून जातो. डोक्याच्या वर बांधलेल्या रॅकमधून खाताना याच्या नेमके उलट घडते, आणि कुसळे, बी, धूळ थेट डोळ्यांत आणि नाकपुड्यांत पडतात. जुन्या तबेल्यांत असे उंच रॅक अजून दिसतात; ते झाडायला सोपे असतात, एवढाच त्यांचा गुण. मी शक्य तेथे जमिनीलगतची, भरीव कडांची पेटी पसंत करतो. तिच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असावीत, कडा घोड्याच्या छातीपेक्षा बऱ्याच खाली पण पाय सहज आत पडणार नाही इतक्या उंच असाव्यात, आणि कोपरे गोलसर घासलेले असावेत. लसूणघास देत असाल तर पेटीचा तळ आणखीच महत्त्वाचा, कारण त्या चाऱ्यातली बहुतेक प्रथिने पानांत असतात आणि वाळलेले पान हात लागताच चुरा होऊन गळते. जमिनीवर टाकलेल्या लसूणघासातले सर्वांत मोलाचे असे जे आहे ते आपण झाडूने लोटून बाहेर टाकत असतो. रेताड जमिनीवर तर हाच चुरा वेचण्याच्या नादात घोडा वाळूही पोटात घेतो, ती आतड्यात साचते आणि पोटशूळ होतो. तेथे पेटीखाली रबराची चटई अंथरावी आणि ती रोज झाडावी.

पेटीने तुडवणे थांबते, पण खाण्याचा वेग कमी होत नाही. त्यासाठी जाळी. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका चाचणीत घोड्यांनी मोकळे गवत तासाला सुमारे दीड किलो या वेगाने खाल्ले, १५ सेंटिमीटर भोकांच्या जाळीतून त्याहून थोडेच हळू, साडेचार सेंटिमीटरच्या जाळीतून तासाला साधारण १.१ किलो आणि सव्वातीन सेंटिमीटरच्या जाळीतून सुमारे ०.९ किलो. म्हणजे आपल्या घोड्याचे दहा किलो मोकळे टाकले तर सात तासांच्या आत संपते आणि बारीक जाळीत ते अकरा तास पुरते. मोठ्या भोकांची जाळी लावून 'जाळीचा काही उपयोग नाही' म्हणणारे कितीतरी जण मला भेटले आहेत. त्यांचे निरीक्षण बरोबर असते, जाळी चुकीची असते.

तरीही पहिल्याच दिवशी सव्वातीन सेंटिमीटरची जाळी लावू नये. उपाशी घोडा तिच्याशी झगडतो, दातांनी दोर ओढतो, पुढच्या पायाने लाथा मारतो, आणि चिडलेला घोडा हळू खाणारा घोडा होत नाही. आठवडाभर साडेचार सेंटिमीटरची जाळी आणि तिच्या शेजारी थोडे मोकळे गवत ठेवावे. भूक मोकळ्या गवतावर भागते आणि जाळीशी खेळत घोडा शिकतो. बहुतेक घोडे दात न वापरता ओठाने पाती बाहेर ओढण्याची युक्ती चार-पाच दिवसांत साधतात. त्यानंतरही एखादा घोडा जाळीपुढे उभा राहून नुसता वाट पाहत असेल, तर त्याला मोठ्या भोकांचीच जाळी द्यावी. जाळीऐवजी लोखंडी गज किंवा जाळीदार पत्रा पेटीवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पुढचे दात आणि हिरड्या त्यावर झिजतात.

जाळीचा खरा धोका पायांचा. मी एकदा संध्याकाळी घाईत भरलेली जाळी खालच्या कडीला अडकवली. भरलेली असताना ती छातीच्या उंचीवर होती, म्हणून ठीक वाटली. रात्री ती रिकामी होऊन लोंबली आणि घोडीच्या पुढच्या टापेच्या नालेत एक दोर अडकला. घोडी समजूतदार होती, तीन पायांवर स्थिर उभी राहून ती खिंकाळली आणि मला जाग आली. दुसरा एखादा घोडा असता तर पाय मोडून घेता. तेव्हापासून जाळी बांधताना मी ती रिकामी धरून पाहतो: रिकाम्या जाळीचे सर्वांत खालचे टोक घोड्याच्या कोपराच्या वर राहिले पाहिजे. नाल ठोकलेल्या घोड्यांना जमिनीवर सुटी जाळी कधीही देऊ नये. त्यांच्यासाठी पेटीतच, कडेच्या खूप खाली, चौकटीला ताणून बसवलेली जाळी असावी. गवत संपत जाते तशी ती खाली बसते आणि पाय घालण्याजोगी सैल जाळी बाहेर कोठेच राहत नाही. माझ्या अनुभवात अशी पेटी आणि जाळीची जोडी नासाडी, वेग आणि मानेची ठेवण या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळते, आणि आपल्या पाच ठाणांसाठी मी तीच सुचवीन.

श्रमांबाबत माझे मत असे आहे की माणूस घोड्यापुढे गवत टाकण्यात थकत नाही. तो गंजीपासून ठाणापर्यंतच्या येरझाऱ्यांत आणि नंतरच्या साफसफाईत थकतो. साफसफाई पेटीमुळे आपोआप घटते. येरझाऱ्या कमी करण्यासाठी भरणे आणि देणे ही दोन कामे वेगळी करावीत. दर घोड्यामागे दोन अशा दहा टांगत्या जाळ्या किंवा पेटीत नेमक्या बसणारे दहा पिशवीवजा नग ठेवले, तर गंजीजवळ एकदाच उभे राहून दिवसभराचे सगळे भरता येतात. एकट्या माणसाला जाळी भरणे म्हणजे दोन हातांनी चार कामे करणे, असे वाटत असेल तर एक रिकामे पिंप गंजीपाशी ठेवावे. जाळी पिंपात सोडून तिचे तोंड पिंपाच्या काठावर चारही बाजूंनी उलटवून घ्यावे. जाळी उघडी राहते, दोन्ही हात मोकळे राहतात, गवत वरून दाबून भरता येते आणि शेवटी काठावरची कड उचलून दोरी ओढली की झाले. पिंपाच्या वर आडव्या दांड्याला लटकता काटा कायमचा टांगलेला असला तर प्रत्येक जाळी उचलतानाच तोलली जाते आणि तोलणे हे वेगळे काम उरत नाही. जाळ्यांना झटकन उघडणाऱ्या कड्या लावाव्यात. ओल्या दोरीच्या गाठी सोडण्यात हिवाळ्याच्या पहाटे किती वेळ जातो हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक असते. प्रत्येक जाळीवर घोड्याप्रमाणे रंगीत फीत बांधली की नवा मोतद्दारही चुकत नाही.

एवढी सोय झाली की तीन वेळांच्या दोन वेळा करता येतात, कारण हळू खाल्ले जाणारे गवत फेरीची वाट पाहायला लावत नाही. दिवसाच्या दहा किलोंपैकी चार सकाळी आणि सहा शेवटच्या फेरीला द्यावे; ही फेरी उशिरा असावी, पण मधले रिकामे तास वर सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नयेत. रात्र ही सर्वांत लांब असते आणि आपण नेमके तेव्हाच सर्वांत कमी देत असतो. घड्याळावर उघडणारी झाकणाची पेटीही मिळते. घोडे एक-दोन असतील आणि रात्री माणूस नसेल तर तिचा विचार करावा, पाच ठाणांसाठी मात्र बिघाडाच्या पाच जागा वाढवण्यात मला अर्थ वाटत नाही.

घोडे आवारात एकत्र सोडत असाल तर खाण्याच्या जागा घोड्यांपेक्षा किमान एकने अधिक असाव्यात, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर लाथ पोहोचणार नाही इतक्या त्या दूर असाव्यात. कळपातला वरचढ घोडा दर थोड्या वेळाने दुसऱ्याला हुसकून त्याच्या जागी जातो. सहावी जागा रिकामी असली की हुसकलेला घोडा तेथे जाऊन खातो, नसली की तो उभा राहतो आणि वरचढ घोडा दोघांचे खातो.

मोठे गोल गठ्ठे यंत्राने आणून आवारात ठेवणे हा श्रम वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग दिसतो, आणि नासाडीचाही सर्वांत सोपा मार्ग तोच आहे. मिनेसोटाच्याच २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहीही आडोसा न ठेवता दिलेल्या गोल गठ्ठ्यांचे ५७ टक्के गवत वाया गेले, तर निरनिराळ्या गोल गव्हाणींत हेच प्रमाण ५ ते ३३ टक्क्यांदरम्यान राहिले. गठ्ठ्यावर घट्ट बसणारी जाळी ६ टक्क्यांवर होती. घोडे असा गठ्ठा आधी पोखरतात, मग त्यावर लोळतात, झोपतात आणि त्यावरच मुततात. पाच घोड्यांचा कळप जेवढा गठ्ठा चार-पाच दिवसांत संपवील तेवढाच मोठा गठ्ठा घ्यावा, पावसात तर त्याहून लहान, आणि तो जाळीशिवाय कधीही सोडू नये. गोल गठ्ठ्यात कधी कापणीच्या वेळी चिरडलेला उंदीर किंवा पक्षी बांधला जातो आणि त्यातून बॉट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या रोगाचे, विष तयार होते. घोडा या विषाला फार हळवा आहे. म्हणून काही देशांत अशा गठ्ठ्यांवर वाढणाऱ्या घोड्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याची लस देण्याची पद्धत आहे.

साठवणीबद्दल लोक पुरेसे गंभीर नसतात असे मला वाटते, कारण तेथली नासाडी ठाणात दिसत नाही. दीड मीटर व्यासाचा गोल गठ्ठा उघड्यावर ठेवला आणि पावसाने त्याचा बाहेरचा फक्त १५ सेंटिमीटरचा थर खराब झाला, तर एकूण गवतापैकी ३६ टक्के गेले. हे अनेकांना पटत नाही, पण वर्तुळाचे क्षेत्रफळ शाळेत शिकलेला कोणीही ताडून पाहू शकतो: १.२ चा वर्ग भागिले १.५ चा वर्ग म्हणजे ०.६४. छपराखाली, जमिनीपासून लाकडी फळकुटांवर उचलून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचलेल्या गंजीतले गवत जवळजवळ सगळे वाचते. ताडपत्री गवतावर चापून बसवू नये. खालची वाफ तिला लागून पाणी होते आणि वरचा थर सडतो. वरून उतार देऊन मधे हवेला वाट ठेवावी, आणि नवी गंजी जुनीच्या पुढे रचून जुने गवत मागे अडकवू नये.

गठ्ठ्यात ओलावा किती आहे हे खरेदीच्या वेळीच पाहावे. १५ टक्क्यांच्या आसपासचा ओलावा सुरक्षित असतो. २० टक्क्यांच्या पुढे बुरशी धरते, आणि त्याहून ओले गठ्ठे दाटीने रचले तर आतले सूक्ष्मजीव त्यांना तापवू लागतात. नव्या गंजीत पहिले काही आठवडे लांब दांड्याचा उष्णतामापक रोज खुपसून पाहावा. ६५ अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला तर दिवसातून अनेकदा पाहावे. ८० अंशांच्या आसपास पोहोचला तर गंजी स्वतः उपसू नये, अग्निशामक दलाला आधी बोलवावे, कारण आतल्या तापलेल्या थराला बाहेरची हवा मिळाली की तो पेट घेतो. माझ्याकडे एकदा पारा ६० च्या वर चढला होता. आम्ही पहाटेच गठ्ठे सुटे करून उघड्यावर पसरले, पण त्यातले तपकिरी पडून तंबाखूसारखा गोडूस वास येणारे सगळे घोड्यांना न देता खतात टाकावे लागले. विकणाऱ्याने 'वाळलेले आहे' म्हणून सांगितले होते, आणि गठ्ठ्यात हात घालून पाहण्याचा कंटाळा मी केला होता.

गवत भिजवण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी कामाच्या हिशेबात ते येते म्हणून थोडे लिहितो. धूळ बसवायची असेल तर देण्यापूर्वी काही मिनिटे बुडवून किंवा नीट शिंपून पुरते. अर्धा ते एक तास बुडवून ठेवल्याने गवतातली विरघळणारी साखर कमी होते, म्हणून लठ्ठ किंवा खुरांचा दाह होऊन गेलेल्या घोड्यांसाठी ते करतात, पण त्याबरोबर काही खनिजेही पाण्यात जातात आणि उष्ण हवेत ओले गवत लवकर आंबते. जे गरजेचे नाही ते भिजवू नये. ओली जाळी दुप्पट जड होते आणि माणसाची पाठ त्याचा हिशेब ठेवते. बुरशी लागलेले गवत भिजवून खपवण्याचा विचार तर मनातही आणू नये.

आपल्या बाबतीत मी असा क्रम ठेवीन: पहिला आठवडा तोलण्याचा आणि ढीग वेगळे करण्याचा; दुसऱ्या आठवड्यात दोनच पेट्या बनवून त्या फळ्या कुरतडणाऱ्या दोघांच्या ठाणांत बसवाव्यात, साडेचार सेंटिमीटरच्या जाळीसह; त्या पेट्यांच्या कडांत, उंचीत जे चुकेल ते सुधारून मग उरलेल्या तीन कराव्यात. याच काळात गवताची गंजीही बदलत असेल तर जुने आणि नवे गवत मिसळून दहा-बारा दिवसांत बदल पुरा करावा, नाहीतर पोट बिघडल्याचा दोष जाळीच्या माथी येतो. दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर पुन्हा घ्यावा आणि बरगड्यांवरून तळहात फिरवून पाहावा. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या दाबाने हाताला लागाव्यात. कुरतडलेल्या फळ्यांच्या कडा खडूने रंगवून ठेवाव्यात. रात्रभर गवत पुरू लागल्यावर महिनाभरात खडूवर नवे दातांचे ठसे उमटणे थांबले नाही, तर ती सवय किंवा जठरातला व्रण असू शकतो, आणि मग पशुवैद्यकाकडून दुर्बिणीने जठराची तपासणी करून घ्यावी.